पॅनेलचं दार आणि पॅकिंग, दोन्हीला एकच जास्त डेन्सिटीचा फोम चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: कंट्रोल पॅनेलच्या दाराला सीलिंग म्हणून आणि त्याच मशिनचे सुटे भाग पॅक करायला एकच, चांगल्या डेन्सिटीचा फोम घेतला तर चालेल का? नाही चालणार. मुळात सुरुवात डेन्सिटीपासून करूच नका. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो, एवढंच. तेवढ्यावरून फोम कडक की मऊ, हेसुद्धा ठरत नाही. एकाच डेन्सिटीचे दोन पीयू (पॉलियुरेथेन) फोम कडकपणात बरेच वेगळे असू शकतात.

दाराचं आधी बघू, कारण खरी गोची तिथेच होते. तिथला फोम महिनोन् महिने दबलेल्या अवस्थेत राहतो. म्हणून पाहायचं ते हे की दाब काढल्यावर तो किती परत उठतो. डेटाशीटवर, म्हणजे सप्लायरच्या माहितीपत्रकावर, हे कॉम्प्रेशन सेट या नावाने दिलेलं असतं. चाचणीत बहुतेक वेळा तुकडा 50 टक्के दाबून 70 अंश सेल्सिअसला 22 तास ठेवतात आणि किती जाडी परत आली नाही ते मोजतात. आकडा जितका कमी तितका चांगला. फक्त दोन सप्लायरचे आकडे ताडताना तापमान आणि दाबाची टक्केवारी सारखी आहे ना, हे बघा. एकाने खोलीच्या तापमानाचा आकडा छापलेला असतो, तो अर्थातच देखणा दिसतो.

पाणी अडवायचं तर क्लोज्ड सेल हवा, म्हणजे ज्याच्या आतले बुडबुडे बंद असतात असा फोम. साधा पीयू फोम ओपन सेल, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या छिद्रांचा असतो, तो पाणी पिऊन बसतो. क्लोज्ड सेलमध्ये ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) ऊन, पाऊस आणि ओझोनला छान टिकतो, पण खनिज तेल लागलं की फुगतो. मशिनजवळ तेल किंवा कूलंटचा (मशिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) फवारा उडत असेल तर नायट्राइल रबर आणि पीव्हीसीच्या मिश्रणाचा फोम बरा, निओप्रिन रबर हा मधला मार्ग. 150 अंशांच्या वरची उष्णता असेल तर सिलिकॉन. मात्र शेजारी पेंट शॉप असेल तर सिलिकॉन आणण्याआधी त्यांना विचारा. त्याचा अंश पृष्ठभागावर गेला की रंगात खड्डे पडतात आणि मग तुमचं नाव निघतं.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात. दाराचा पत्रा पातळ आणि फोम कडक असेल तर दोन लॅचच्या (दार आवळून धरणाऱ्या कड्यांच्या) मधे पत्राच बाहेर वाकतो आणि नेमकी तिथेच फट पडते. अशा वेळी डेन्सिटी वाढवून नुकसानच होतं. मऊ फोम थोडा जाड घ्या, किंवा लॅच जवळजवळ बसवा.

पॅकिंगचं गणित वेगळं. तिथे फोमला धक्का गिळायचा असतो. हलक्या वस्तूखाली कडक फोम ठेवला तर तो दबतच नाही आणि धक्का सरळ वस्तूला बसतो. जड वस्तूखाली मऊ फोम तळाला टेकतो. म्हणून वस्तूचं वजन भागिले टेकणारं क्षेत्रफळ काढा आणि सप्लायरकडे कुशन कर्व्ह मागा, म्हणजे किती भाराला फोम धक्का किती गिळतो याचा आलेख. साधारण यंत्रभागांना ईपीई (पॉलिथिलिनचा हलका फोम) पुरतो. पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या पेटीला क्रॉसलिंक्ड पॉलिथिलिन (त्याचाच जास्त टिकाऊ प्रकार) घ्या. इलेक्ट्रॉनिक कार्ड असतील तर अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज साठू न देणारा, प्रकारच हवा.

आगीची अट असेल तर यूएल 94 चं (प्लास्टिक किती पेट घेतं याच्या चाचणीचं) प्रमाणपत्र मागताना तुम्ही घेताय तीच जाडी आणि डेन्सिटी त्यात येते का, तेही तपासा.

ऑर्डरआधी नमुना मागवा. दोन पट्ट्यांमध्ये अर्ध्या जाडीपर्यंत आवळून पॅनेलमधल्या सर्वांत गरम जागी आठवडाभर ठेवा. दुसरा तुकडा तुमच्याच कूलंटमध्ये बुडवा. आवळण्याआधी आणि बुडवण्याआधी जाडी मोजून लिहून ठेवा, म्हणजे नंतर फरक कळेल.