खोडव्यातलं पाचट कुजवताना

पहिल्यांदाच उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक) ठेवताय, तर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवू नका. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. जाळलं की त्यातलं नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरातच जातं.

तोडणी झाली की बुडख्यांवरचं पाचट बाजूला ओढून सरीत पसरा. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. उंच राहिले तर वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटवे येतात.

आता एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन, हे प्रमाण धरा. युरिया लागतोच, कारण पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र जेमतेम. ते कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. म्हणून हा युरिया पिकाच्या खताच्या हप्त्यात मोजू नका.

आधी दोन्ही खतं टाका. संवर्धन त्यांच्यात कालवू नका, जिवाणू मरतात. ते चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून वेगळं, शक्यतो संध्याकाळी पसरा. संवर्धनात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी असेल तर बुडख्यांवर मारायचं कार्बेन्डाझिम पाचटावर उडू देऊ नका, ते बुरशीनाशकच आहे.

नवख्यांचं काम बहुतेकदा पाण्यात फसतं. कोरडं पाचट महिनोन्‌महिने तसंच राहतं. लगेच पाणी द्या, आणि वाफशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना, चालत जाऊन पाचट पायानं मातीत दाबा. मूठभर उचलून पिळा: हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये.