वेगळी पंगत की मानाचे पान?

अमेरिकेतील कृषी विद्यापीठांत अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या यशाचा जो खास गौरव होतो, त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या तिन्ही प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील एका विद्यापीठात मृदाशास्त्रात एम. एस. करत आहे. तिच्या एका कृष्णवर्णीय मैत्रिणीचा नुकताच ‘कृषी व नैसर्गिक संसाधन शाखेतील अल्पसंख्याक विद्यार्थ्यांचा गौरव’ अशा समारंभात सत्कार झाला. ही मुलगी वर्गात पहिली आहे. मग तिला अशा वेगळ्या पंगतीत का बसवायचे? गुणवत्ता ती गुणवत्ता, तिला पुन्हा रंग कशाला? – एक पालक

उत्तर : पंगत हा शब्द आपण सहज वापरला असेल, पण तो या विषयाच्या अगदी वर्मी लागतो. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा गुलामगिरीत जन्मलेला तरुण १८९१ मध्ये एम्स येथील आयोवाच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाला. तो तिथला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता आणि सुरुवातीला त्याला गोऱ्या विद्यार्थ्यांबरोबर भोजनगृहात बसू न देता तळघरात शेतावरच्या मजुरांबरोबर जेवायला बसवले गेले. त्यापूर्वी कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने त्याला पत्राने प्रवेश दिला होता आणि तो दारात उभा राहिल्यावर वर्ण पाहून नाकारला होता. याच विद्यार्थ्याने १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली, बुरशीजन्य वनस्पतिरोगांवर काम केले आणि त्याच संस्थेत शिकवलेही. वेगळी पंगत आधी विद्यापीठांनीच मांडली होती, आजच्या समारंभांनी नव्हे.

ही मांडणी कायद्यानेही झाली होती. अब्राहम लिंकन यांनी २ जुलै १८६२ रोजी सही केलेल्या मॉरिल कायद्यानुसार प्रत्येक राज्याला काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकी संसदेतील, त्याच्या प्रत्येक सदस्यामागे ३० हजार एकर जमीन मिळाली आणि तिच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. ही जमीन मुळात मूलनिवासी जमातींची होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्रकारितेतील शोधात सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमिनीचा माग जवळजवळ २५० जमातींपर्यंत लावण्यात आला. पुढे १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने राज्यांपुढे दोन पर्याय ठेवले : वर्ण न पाहता प्रवेश द्यावा, किंवा कृष्णवर्णीयांसाठी वेगळे महाविद्यालय काढावे. दक्षिणेकडील राज्यांनी दुसरा पर्याय घेतला आणि आज ‘१८९० च्या संस्था’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकोणीस विद्यापीठांपैकी बहुतेकांची ओळख याच वेगळेपणाशी बांधली गेली. मूलनिवासी जमातींच्या महाविद्यालयांना तर या कायद्यांखालच्या संस्थांचा दर्जा मिळायला १९९४ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्यांच्या जमिनीवर ही शिक्षणव्यवस्था उभी राहिली, त्यांच्या मुलांना तिच्यात हक्काची जागा मिळेपर्यंत १३२ वर्षे गेली.

हा सगळा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या कृषी आणि शिक्षण मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून असे कळवले की, त्या राज्यांतील १८९० च्या विद्यापीठांना, पहिल्या कायद्याखालच्या, म्हणजे १८६२ च्या, विद्यापीठांच्या तुलनेत, तीन दशकांत मिळून १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी मिळाला आहे. अशी विद्यापीठे असलेल्या राज्यांपैकी केवळ डेलावेअर आणि ओहायो यांचा हिशेब बरोबरीचा निघाला. निधी कमी म्हणजे प्रयोगशाळा कमी, प्रक्षेत्रे लहान आणि संशोधन शिष्यवृत्त्याही मोजक्या, हे कृषी शिक्षणाशी संबंध असलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

विद्यापीठाबाहेरचे चित्रही पाहावे. १९२० च्या गणनेत अमेरिकेत ९ लाख २५ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी होते, म्हणजे साधारण दर सात शेतकऱ्यांत एक. त्यांतले बहुतेक बटाईने किंवा कुळाने जमीन कसत होते, हे खरे. २०२२ च्या कृषी गणनेत हा आकडा ४७ हजारांच्या आत आला आहे. मोजण्याची पद्धत मधल्या काळात बदलली असली, तरी या घसरणीचा अर्थ बदलत नाही. सरकारी कर्ज देताना कृषी खात्याने भेदभाव केला, अशा तक्रारीवरून चाललेल्या पिगफर्ड खटल्यात १९९९ मध्ये तडजोड झाली आणि उशिरा आलेल्या दाव्यांसाठी २०१० मध्ये आणखी १.२५ अब्ज डॉलरची तरतूद ठरली. ज्या घरात आजोबांची शेती कर्ज नाकारल्यामुळे गेली, त्या घरातल्या मुलीने मृदाशास्त्राला जाणे म्हणजे केवळ एका विषयाची निवड नव्हे. घरच्यांना ती बहुधा उलटी वाट वाटते. ‘ज्या मातीने आपल्याला काही दिले नाही, तिच्याकडे परत कशाला?’ असे तिला ऐकावे लागते.

म्हणून असा समारंभ मला समर्थनीय वाटतो, परंतु एका अटीवर. तो सर्वांच्या समारंभाला जोडून व्हावा, त्याच्या बदल्यात नव्हे. आपल्या मुलीची मैत्रीण वर्गात पहिली असूनही तिचे नाव महाविद्यालयाच्या सर्वसाधारण गुणगौरव यादीत नसेल, तर आपली शंका शंभर टक्के रास्त आहे आणि ती महाविद्यालयाला विचारली पाहिजे. दोन्हीकडे नाव असेल, तर हे वेगळी पंगत नसून मानाचे पान आहे.

प्रश्न : मी भारतातून विद्यार्थी व्हिसावर येऊन कृषीविद्येत पीएच. डी. करत आहे. मी इथे अल्पसंख्याक ठरतो का? आमच्या विभागात ‘मॅनर्स’ नावाची संघटना आहे. तिचे सदस्य व्हावे की ते आगंतुकपणाचे दिसेल? – एक संशोधक विद्यार्थी

उत्तर : आपल्याकडे अल्पसंख्याक म्हटले की मनात धर्म येतो. अमेरिकेत या संदर्भात प्रामुख्याने वर्ण आणि वंश अभिप्रेत असतो, आणि अलीकडे ‘पुरेसे प्रतिनिधित्व नसलेले’ असा शब्दप्रयोग अधिक रूढ आहे, कारण खरा मुद्दा देशातील संख्येचा नसून त्या क्षेत्रातील उपस्थितीचा आहे. विद्यार्थी व्हिसावरील परदेशी विद्यार्थ्यांची नोंद विद्यापीठांच्या सरकारी आकडेवारीत वंशानुसार होत नाही. त्यांचा रकाना स्वतंत्र असतो. तेव्हा कागदोपत्री आपण तिथल्या अल्पसंख्याकांत मोडत नाही.

सदस्यत्वाची गोष्ट वेगळी आहे. मॅनर्स हे ‘कृषी, नैसर्गिक संसाधने आणि संबंधित विज्ञानशाखांतील अल्पसंख्याक’ या अर्थाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप असून, उच्चार मात्र शिष्टाचार या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखाच होतो. १९८० च्या दशकात मिशिगन स्टेट आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट या विद्यापीठांतील विद्यार्थी व प्राध्यापकांच्या पुढाकारातून ही संघटना आकाराला आली आणि तिचे सदस्यत्व कोणत्याही वंशाच्या व्यक्तीला खुले आहे. आपण अवश्य जावे. मात्र पहिल्याच बैठकीत आपल्या अडचणींची यादी वाचू नये. आपली अडचण व्हिसाची आहे, त्यांची पिढ्यांची आहे, आणि दोन्ही खऱ्या असल्या तरी एक नाहीत. आपल्याला सांख्यिकी चांगली येत असेल, तर पदवीच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या पोस्टरमधील आकडेवारी तपासून द्यावी. आगंतुकपणाचा प्रश्न तिथेच संपेल.

शिष्यवृत्तीचे नियम मात्र नीट वाचावेत. अमेरिकी कृषी खात्याची १८९० च्या संस्थांसाठीची शिष्यवृत्ती योजना १९९२ पासून आहे आणि ती अमेरिकी नागरिकांसाठी आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ती अचानक थांबवण्यात आली आणि काही दिवसांतच पुन्हा सुरू झाली. अशा योजनांबाबत सध्या मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबून राहू नये.

प्रश्न : भुईमुगाच्या लोण्याचा, म्हणजे पीनट बटरचा, शोध कार्व्हर यांनी लावला हे खरे का? – एक शिक्षिका

उत्तर : नाही. पीनट बटर त्यांच्या आधीपासून होते. त्यांचे खरे काम याहून मोठे आहे. वर्षानुवर्षे एकट्या कापसाने निकस झालेल्या अलाबामातील जमिनीत त्यांनी भुईमूग, चवळी आणि रताळी घ्यायला सांगितले. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. आपला शेतकरी ज्याला भुईमुगाचा बेवड म्हणतो, तोच हा लाभ. पण पिकलेल्या भुईमुगाचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला, म्हणून त्यांनी १९१६ मध्ये भुईमुगाची लागवड आणि त्याचे माणसाच्या आहारातील १०५ प्रकार सांगणारी पत्रिका काढली. रासायनिक खत परवडत नसलेल्यांना त्यांनी रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून वापरायला शिकवले. १९०६ मध्ये टस्कीगी संस्थेने, म्हणजे ते शिकवत असलेल्या अलाबामातील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेने, अवजारे आणि बियाणे भरलेली एक घोडागाडी शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पाठवायला सुरुवात केली, तिची आखणीही त्यांचीच. जो शेतकरी महाविद्यालयाची पायरी चढू शकत नव्हता, त्याच्या दारात महाविद्यालयच गेले. शाळेत मुलांना सांगायचे असेल, तर लोण्याऐवजी ही गाडी सांगावी.

प्रश्न : अमेरिकेतील आमच्या कृषी महाविद्यालयात अशा गौरव समारंभासाठी तीन विद्यार्थ्यांची मानपत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी स्वतः त्या समाजातील नाही. काय लिहावे आणि काय टाळावे? – एक सहायक प्राध्यापक

उत्तर : ‘अनेक अडथळ्यांवर मात करून समाजापुढे आदर्श ठेवला’ हे वाक्य आपल्या मसुद्यात असेल, तर ते आधी काढून टाकावे. ते कोणालाही लागू पडते, म्हणून कोणालाच लागत नाही. शिवाय त्यात विद्यार्थी दिसत नाही, केवळ त्याची अडचण दिसते. त्याऐवजी असे लिहावे : ‘यांनी सलग दोन हंगाम मक्याच्या काढणीनंतर राय हे आच्छादन पीक घेऊन वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीतील नायट्रेट दर पंधरवड्याला मोजले, पावसाने नमुने वाया गेले तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा शेतावर जाऊन बारा वाफ्यांतून नवे नमुने घेतले.’ हे वाक्य सभागृहात वाचले, तर मागच्या रांगेतल्या आजोबांनाही नातीने काय केले ते समजेल.

गेबिसा एजेटा यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. इथिओपियातून पर्ड्यू विद्यापीठात शिकायला आलेल्या आणि पुढे तिथेच प्राध्यापक झालेल्या या वनस्पती पैदासकाराला २००९ चे जागतिक अन्न पुरस्काराचे मानकरी ठरवले गेले, ते ज्वारीच्या मुळांतून अन्न शोषून पीक खुरटवणाऱ्या टारफुल्याला आणि दुष्काळाला तोंड देणाऱ्या वाणांसाठी. बालपणी शाळेसाठी ते दर आठवड्याला वीस किलोमीटर चालत जात, हेही त्यांच्या परिचयात येते. परंतु ते ज्वारीनंतर. आपल्या मानपत्रांतही हाच क्रम असावा.

विद्यार्थ्याच्या समाजाचा, जमातीचा किंवा घरच्या परिस्थितीचा उल्लेख करावा का, हे आपण ठरवू नये, त्यालाच विचारावे. एखाद्या मूलनिवासी विद्यार्थिनीला आपल्या जमातीचे नाव मानपत्रात हवेच असते, कारण तिने अभ्यासलेले जंगल त्याच जमातीचे असते. दुसऱ्या एखाद्याला तसा उल्लेख नकोसा वाटतो. दोघांच्याही मनाप्रमाणे व्हावे. मार्गदर्शक प्राध्यापकांची स्तुती एका ओळीत आटोपावी आणि उरलेली जागा प्रक्षेत्रावरील तंत्रसहायकांना द्यावी, ज्यांची नावे प्रबंधाच्या ऋणनिर्देशाशिवाय कुठेच येत नाहीत.

शेवटी कार्यवाहीची बाब. वाचनाच्या आठ दिवस आधी मसुदा त्या त्या विद्यार्थ्याला दाखवावा आणि त्याच्याकडून त्याचे नाव मोठ्याने वदवून घेऊन आपल्या लिपीत लिहून ठेवावे. नावाचा उच्चार आणि नायट्रेटचा आकडा, या दोन्हींतल्या चुका त्यालाच सर्वांत आधी सापडतील.