सहा हजार सापडले, त्यात पृथ्वी एकही नाही?

प्रश्न : मी दहावीच्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते. परवा एकाने विचारलं, की सूर्यमालेबाहेरचे ६ हजारांच्या वर ग्रह सापडलेत, त्यात सूर्यासारख्या ताऱ्याभोवती वर्षाला एक फेरी मारणारा पृथ्वीच्या मापाचा ग्रह एकही धड नाही, मग आपल्या आकाशगंगेत राहण्याजोगे ३० कोटी ग्रह असतील असं शास्त्रज्ञ कुठून काढतात, फेकतात का? मला उत्तर देता आलं नाही. (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : मॅडम, पोरगं हुशार आहे, त्याला रागावू नका. त्याची गडबड एवढीच होतेय की सापडलेल्यांची यादी म्हणजेच आकाशातली खरी शिरगणती असं तो धरून चाललाय. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो ती सगळा भात एकसारखा शिजतो या भरवशावर, इथे मात्र हाताला लागतात ती ठरावीकच शितं.

१९९५ चं उदाहरण घ्या ना. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला, ५१ पेगासी बी, गुरूसारखा अवाढव्य आणि फेरी जेमतेम ४.२ दिवसांत! पुढची काही वर्षं असलेच तापलेले गुरू सापडत राहिले, कारण तेव्हा ताऱ्याचं डगमगणं मोजून ग्रह शोधायचे आणि जड ग्रह ताऱ्याला चिकटून फिरत असला की तारा जास्त डगमगतो. प्रत्यक्षात असे ग्रह शंभर ताऱ्यांमागे एखाद्याकडेच, किंवा त्याहून कमी. यादीत गर्दी त्यांची, आकाशात नाही.

आता केप्लर दुर्बीण. मार्च २००९ मध्ये अंतराळात सोडली, दीड लाखाहून जास्त ताऱ्यांकडे टक लावून बसली, आणि ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किती कमी होतो ते मोजत राहिली, म्हणजे आपण शुक्राचं अधिक्रमण बघितलं ना २०१२ ला, तेच पण फार लांबून. वर्गात एक बांगडी न्या. मध्ये दिवा आहे आणि ग्रह म्हणजे बांगडीवरचा मणी असं समजा. बांगडी डोळ्याच्या अगदी रेषेत आडवी धरली तरच मणी दिव्यावरून जाताना दिसतो, जरा तिरकी झाली की वरून नाहीतर खालून निसटतो, आणि बांगडी जेवढी मोठी तेवढा निसटायचा चान्स जास्त. चार दिवसांत फेरी मारणारा ग्रह असा समोर यायची शक्यता साधारण दहात एक, पृथ्वीसारख्याची २१५ मध्ये एक. म्हणजे दीड लाख ताऱ्यांपैकी प्रत्येकाकडे एकेक पृथ्वी असती तरी समोरून गेल्या असत्या फक्त ७०० च्या आसपास!

आणि त्यातल्याही सगळ्या दिसणार नाहीत. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर दहा लाख भागांतले ८४ भाग प्रकाश कमी होतो, तोही १३ तासांसाठी, आणि खात्री पटायला असं निदान तीनदा व्हायला हवं, म्हणजे तीन वर्षं. केप्लरला एका दिशेला स्थिर धरणाऱ्या चाकांपैकी दुसरं चाक मे २०१३ मध्ये बंद पडलं आणि ते काम तिथेच थांबलं. वर ताऱ्यांचा स्वतःचाच प्रकाश अपेक्षेपेक्षा जास्त कमीजास्त होत होता, त्यात ही एवढीशी खूण शोधायची. २०१५ मध्ये ‘पृथ्वीची बहीण’ म्हणून गाजलेला केप्लर-४५२बी (फेरी ३८५ दिवस, पृथ्वीच्या दीडपटीहून मोठा) आठवतो? नंतरच्या तपासणीत तो ग्रहच आहे का यावरच शंका आली. त्यामुळे सुटलेले ग्रह मोजायचे तसे खोटे सापडलेलेही वजा करायचे.

मग आकडा काढतात कसा, तर सापडलेल्या प्रत्येक ग्रहामागे किती निसटले असतील त्या हिशोबाने त्याला वजन देतात. त्यासाठी डेटात मुद्दाम खोटे ग्रह पेरतात आणि सॉफ्टवेअर त्यातले किती पकडतं ते बघतात. मला ही युक्ती फार आवडते. अडचण अशी की पृथ्वीच्या जागी सापडलेले जवळपास शून्य, आणि शून्याला कितीही वजन दिलं तरी शून्यच, म्हणून मग आतल्या आणि मोठ्या ग्रहांवरून रेघ पुढे ओढतात. २०१३ मध्ये एका गटाने पृथ्वीच्या आसपासच्या मापाच्या आणि फेरीच्या ग्रहांसाठी आकडा दिला, आणि २०१४ मध्ये दुसऱ्यांनी सापडलेल्या ग्रहांची तीच यादी घेऊन, मोजमापातली अनिश्चितता वेगळ्या पद्धतीने धरून, साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच काढला! ३० कोटी हा आकडा २०२० चा, हात आखडता घेऊन काढलेला. त्याच अभ्यासात सूर्याच्या जवळपास तापमानाच्या दर ताऱ्यामागे राहण्याजोग्या पट्ट्यात (म्हणजे पाणी द्रवरूप राहू शकेल एवढ्या अंतरावर) सरासरी ०.३७ ते ०.६० खडकाळ ग्रह असा अंदाज आहे, पण एरर बार (अंदाज किती कमीजास्त चुकू शकतो त्याच्या मर्यादा) धरले तर तो ०.१६ पासून १.५ पर्यंत ताणला जातो. माझ्या मते बातमी देताना हे एरर बार कापून ३० कोटी तेवढं छापणं हाच खरा घोटाळा.

अजून एक, ‘राहण्याजोगा’ म्हणजे तिथे कोणी राहतं असं नाही हं. माप आणि ताऱ्यापासूनचं अंतर एवढंच त्यात बघितलंय. नुसत्या मापाने बघितलं तर शुक्रही पृथ्वीची जुळी बहीण, आणि तिथे जमिनीवर शिसं वितळतं.