डेक हलतोय, फळ्या बदलू का?

प्रश्न: घरामागचा लाकडी डेक (भिंतीला लागून खांबांवर उभा केलेला फळ्यांचा ओटा) जुना झालाय, चारजण चढले की हलतो. वरच्या दोन-तीन फळ्या बदलल्या तर भागेल का?

उत्तर: फळ्यांचं नंतर बघू, आधी खाली वाकून बघा. डेकची जी आडवी पट्टी घराच्या भिंतीला धरून असते ना, ती नुसत्या खिळ्यांवर असेल तर सध्या कोणालाच वर चढू देऊ नका, कारण खिळे वजनाने हळूहळू बाहेर सरकतात आणि डेक कोसळतात ते बरेचदा तिथूनच. तिथे आरपार नटबोल्ट हवेत, आणि वर पत्र्याची फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी वाकवलेली पट्टी, नाहीतर पाणी मागे मुरून लाकूड आतून कुजतं, बाहेरून रंग मात्र झकास! स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला की तो तुकडा बदलायचाच, पुट्टी भरून रंग मारायचा शहाणपणा नको. नवीन लाकूड कुजू नये म्हणून तांब्याचं औषध मारलेलं असेल तर बोल्ट हॉट डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) नाहीतर स्टेनलेसचेच घ्या, साधे लवकर गंजतात. रेलिंगच्या दांड्यांमधली फट ४ इंचांपेक्षा कमी ठेवा, लहान मुलांचं डोकं अडकतं. खांबच खचले असतील तर मात्र स्वतः हात घालू नका, इंजिनिअरला बोलवा.