तुझा हात लागला का त्याला?

चि.,
सप्रेम सलाम.

रविवारी उपासनेनंतर तू माझ्या ओट्यावर तासभर बसलास आणि तीन गोष्टी एकदम बोललास. त्यामुळे एकीचंही उत्तर मला धड देता आलं नाही. तू गेल्यावर लगेच लिहायला बसलो असतो तर नुसता राग उतरला असता. आज बुधवार आहे. थोडा राग अजून शिल्लक आहे, तो चालवून घे.

तुझं म्हणणं असं. कॉलेज रोडच्या कपड्यांच्या दुकानाबाहेर लाल झगा आणि कापसाची दाढी लावून उभं राहायचे दिवसाला आठशे रुपये मिळतात आणि तुला वाटतं की तू प्रभूला विकतोयस. तुमच्या प्रार्थनागटातल्या दादाने सांगितलं की नाताळ म्हणजे रोमन लोकांची सूर्यपूजा, आणि सजवलेलं झाड म्हणजे पवित्र शास्त्रातल्या यिर्मयाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातली मूर्ती. वर कॉलेजातल्या मित्राने चिडवलं की तुमचा सणच चोरीचा. म्हणून यंदा घरावर स्टार लावायचा नाही असं तू ठरवलंस आणि आईला तसं सांगूनही टाकलंस. आई काय म्हणाली ते तू सांगितलं नाहीस. अशा वेळी आया काय म्हणतात ते मला माहीत आहे. काही म्हणत नाहीत.

आधी मुळाचं बघू. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. मला ही म्हण कधीच पटली नाही आणि नाशिककराने तर ती मानूच नये, आपल्या नदीचं मूळ एसटीने तासाभरावर आहे. त्र्यंबकला गंगाद्वाराच्या पायऱ्या चढून जा आणि कितीशी धार आहे ती डोळ्यांनी बघ. पण ती बघून आलेल्या कुणी रामकुंडावर उभं राहून ‘ही गोदावरी खोटी’ म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. खाली दारणा मिळते, प्रवरा मिळते, आणखी किती मिळतात. मूळ जरूर विचार. पण विचारायचंच तर नीट विचार, मोबाइलवर आलेल्या तीन मिनिटांच्या व्हिडिओला विचारू नकोस.

शुभवर्तमानात तारीख नाही. मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते एवढंच लूक सांगतो. पहिली दोन-तीनशे वर्षं जन्मदिवस साजरा करावा असं कुणाच्या फारसं मनातही नव्हतं. ओरिजेन नावाचा मोठा पंडित तर म्हणायचा की शास्त्रात वाढदिवस करणारे म्हणजे फारो आणि हेरोद, दोघेही जुलमी राजे. 25 डिसेंबरचा सगळ्यात जुना पुरावा सापडतो तो रोममध्ये, इ. स. 354 च्या एका कॅलेंडरात, आणि त्यातली ती नोंद बहुधा 336 मधली आहे. हे कॅलेंडर फिलोकॅलस नावाच्या अक्षरकाराने व्हॅलेंटिनस नावाच्या माणसासाठी सजवून केलं होतं. म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस! चाळीस वर्षं मी दिवाळीच्या आधी व्यापाऱ्यांची भेटीची कॅलेंडरं छापली, म्हणून हे वाचल्यावर मला फार हसू आलं होतं. त्याच हस्तलिखितात 25 डिसेंबरला ‘अजिंक्य’ सूर्याचा जन्मदिवसही लिहिलेला आहे. ऑरेलियन बादशहाने त्या सूर्याचं देऊळ 274 साली बांधलं. आता कुणी कुणाचं उचललं? 25 मार्चला गर्भधारणा धरली की नऊ महिन्यांनी 25 डिसेंबर येतो, असं जुनं गणित मांडणारेही अभ्यासक आहेत. वाद अजून मिटलेला नाही. सॅटर्नेलिया या रोमन सणाचं म्हणशील, तर तो 17 डिसेंबरला सुरू व्हायचा आणि 25 च्या आत संपायचा. त्यात मालक नोकरांना जेवायला वाढायचे, मातीच्या बाहुल्या भेट द्यायचे. त्यातलं काही आपल्याकडे आलं असेल तर मला लाज वाटत नाही.

आणि सूर्याचं म्हणशील तर रोमन पंचांगात 25 डिसेंबर हा उत्तरायणाचा दिवस धरलेला होता. आपली संक्रांतही मुळात त्याच वळणावरची, ती सरकत सरकत जानेवारीत गेली. तीळगूळ घेताना तू कधी दादाला विचारलंस का? थंडीच्या ऐन मध्यात माणसं विस्तव पेटवतात, एवढं साधं आहे हे. निफाडला पारा उतरला की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटतात, तिथे कुणी रोमन नसतो.

दादाला माझा सलाम सांग आणि हेही सांग की तो पहिला नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने 1647 साली नाताळच बंद केला होता, आणि तो बंद करणारे आपल्यासारखेच पवित्र शास्त्र उशाशी घेऊन झोपणारे होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला 1659 पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो 1681 मध्ये उठला. यिर्मयाचा अध्याय मीही काढून वाचला. रानातलं लाकूड तोडून, त्याला घडवून, सोन्यारुप्याने मढवून, हलू नये म्हणून खिळे ठोकून जो देव करतात, त्याच्याबद्दल आहे तो. तुमच्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या झाडापुढे कुणी नवस बोलतं का?

पण हे सगळं बाजूला ठेव. मला तुला विचारायचं आहे ते एकच. तुझा हात लागला का त्याला? नाताळला, म्हणतोय मी. लहानपणापासून एकदा तरी तुझा हात लागला का?

मी हे का विचारतो ते सांगायला हवं, आणि सांगताना मला बरं वाटणार नाही.

1974 मध्ये मी एकोणीस वर्षांचा होतो. सार्वजनिक वाचनालयात एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं आणि त्यात सॅटर्नेलिया, सूर्य, झाड सगळं होतं. तुझ्यासारखाच मीही पेटून घरी आलो. आई ओट्यावर करंज्यांचा साटा फेसत होती. आपल्या घरांतला नाताळचा फराळ तुला माहीतच आहे, करंजी, चकली, शंकरपाळी, दिवाळीचाच सगळा, फक्त दोन महिने उशिरा. मी तिला विचारलं, हे सगळं कुणाचं आहे माहीत आहे का तुला? ती म्हणाली, तांबोळ्यांकडची परात आहे, परत द्यायची आहे. मी आणखी चिडलो. त्या वर्षी मी चांदणी लावली नाही आणि ताटं पोचवायलाही गेलो नाही. अकरा घरं होती आमची. दिवाळीला त्यांच्याकडून ताटं यायची, नाताळला आमच्याकडून जायची, आणि ती नेणं हे माझं काम होतं. त्या वर्षी गुडघे दुखत असताना आईच गेली. एका घरातल्या काकूंनी विचारलं, पोरगा कुठंय? आई म्हणाली, ताप आहे त्याला.

हे मला आई गेल्यानंतर नऊ वर्षांनी त्याच काकूंनी सांगितलं. ‘त्या नाताळला तुला केवढा ताप आला होता रे’, असं म्हणाल्या. आयुष्यात खोटं न बोललेली बाई माझ्या रोमन इतिहासापायी अकरा उंबऱ्यांवर खोटं बोलली.

माझं वाचन खरं होतं, लेका. पुस्तकात चूक काहीच नव्हती. चूक एवढीच की माझा हात कशालाही लागलेला नव्हता. साट्याला नाही, चांदणीच्या कामटीला नाही, ताटाला नाही. आणि हात न लावलेल्या गोष्टीवर मी निकाल देत होतो.

आता तुझे आठशे रुपये.

सांता कोकाकोलाने बनवला असं तू म्हणालास. नाही. त्याचं मूळ म्हणजे मायरा इथला संत निकोलस, चौथ्या शतकातला, मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. तीन गरीब मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्री गुपचूप सोनं टाकलं अशी त्याची गोष्ट सांगतात. गुपचूप, हे लक्षात घे. ढेरपोट्या सांता अमेरिकेत थॉमस नास्टने 1863 पासून चित्रांतून रुजवला. कोकाकोलाच्या जाहिराती आल्या 1931 मध्ये, तोवर तो चांगला गाजलेला होता. आणि नाताळचं पहिलं छापील कार्ड 1843 मध्ये लंडनला हेन्री कोलने काढलं. शिळाछाप, हाताने रंगवलेलं, एक शिलिंग किंमत. म्हणजे धंदा जुनाच आहे, तू काल त्यात शिरलास.

मी तर त्यात आयुष्य काढलं. ट्रेडलवर, म्हणजे जुन्या छपाईयंत्रावर, नाताळची कार्डं छापायचो, ओल्या शाईवर सोनेरी पावडर झटकून. बर्फ, पाइनची झाडं, धुराडं असलेलं घर. नाशिकमध्ये कुणी पाहिलंय ते? एका वर्षी मी हट्टाने वेगळं केलं. गोठा, खिल्लारी बैल, नऊवारीतली मरिया, गव्हाणीत बाळ, मागे गोदेचा घाट. चित्र काढून घेतलं, जस्ताचा ब्लॉक बनवला, पाचशे प्रती काढल्या. चाळीस खपल्या. मेन रोडवरचा एक दुकानदार म्हणाला, भाऊ, छान आहे, पण बर्फ पाहिजे. उरलेल्या कार्डांची पावती-पुस्तकांची पुठ्ठी झाली. त्यानंतर चौदा वर्षं मी बर्फ छापला. मुलींच्या फिया त्या बर्फावर निघाल्या, लग्नं त्यावर झाली. तू मला विकाऊ म्हणालास तर मी ऐकून घेईन, पण फार वेळ नाही. संडासची टाकी फुटली की प्लंबर सूर्यदेवाचा इतिहास विचारत नाही, पैसे विचारतो. पुढे मोबाइल आले आणि बर्फही विकेना, तेव्हा समजलं की बाजाराला ना प्रभू हवा होता ना कार्ड. त्याला डिसेंबर हवा होता.

तर उभा राहा त्या दुकानाबाहेर, फी भर. त्यात पाप शोधायला मला वेळ नाही. पाप कधी होतं ते सांगतो. 24 च्या रात्री तू झगा उतरवून घरी येतोस आणि घरात सगळं विकतचं असतं तेव्हा. केक विकतचा, स्टार चिनी, गाणी स्पीकरवर, आणि आई फोनमध्ये. तुझा दादाही हात लावत नाही आणि तुझं ते दुकानही हात लावू देत नाही, सगळं तयार, पॅक केलेलं. मला दोघांचे हात सारखेच स्वच्छ दिसतात.

आणि मुळाचाच एवढा ध्यास असेल तर तू राहतोस त्या जागेचं मूळ तुला माहीत आहे का? शरणपूर रोड म्हणजे तुझ्या लेखी सिग्नल आणि कोचिंग क्लास. शरण आलेल्यांचं गाव म्हणून ते नाव. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली, आणि पुढे गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली गेली. कुठल्या गावची, कुठल्या आईची, ते बहुतेकांना सांगता येत नव्हतं. नावंसुद्धा दुसऱ्यांनी दिलेली. त्यांना इथे अक्षरं शिकवली आणि हातकामही शिकवलं. त्यातलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेत लिव्हिंगस्टन हा मिशनरी संशोधक वारला तेव्हा दफनाची प्रार्थना वाचणारा हाच, आणि तिथल्या झाडावर लिव्हिंगस्टनचं नाव कोरणाराही हाच. नाशिकमध्ये गिरवलेली अक्षरं! पुढे तो शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला, आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबी या तिथल्या मोठ्या चर्चमध्ये ती पेटी वाहणाऱ्यांत होता. ज्याचं मूळच उपटून टाकलेलं होतं, त्याला तू जाऊन विचार, की बाबा रे, तुझा नाताळ मूळचा कुणाचा?

त्या आधी स्वतःला विचार, की डिसेंबरच्या रात्री पेटी-ढोलकी घेऊन घरोघर जी गाणी आपण म्हणतो, त्यांच्या चाली कुठल्या. अभंगाच्या आहेत. आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक स्वतःच म्हणायचे की ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या पुलावरून आलो. त्यांच्या लक्ष्मीबाई तर इथल्या जलालपूरच्या. त्यांनी तो पूल पाडला नाही. तू कशाला कुदळ शोधतोयस?

फार लिहिलं. चष्मा सारखा खाली येतोय.

23 तारखेला संध्याकाळी घरी ये. सहानंतर ये, दुकानातून सुटल्यावर, दाढी काढून. बुरुडाकडून कामट्या आणून ठेवल्यात, खळ मी शिजवीन. जिलेटीनचा कागद पिवळा आण, लाल नको, लाल आत दिवा लावला की फार गडद दिसतो. पाच टोकांच्या चांदणीला दहा कामट्या लागतात आणि पहिली गाठ कधीच जमत नाही, तेव्हा चिडायचं नाही. तुझ्या काकूला साटा फेसायला माणूस हवा आहे, तिचा खांदा धरलाय. आईलाही सांग, आणि सांगताना जरा नीट सांग.

अकरा घरांची आता सात उरलीत. वाडे पडले, फ्लॅट झाले, काही माणसं गेली. तांबोळ्यांकडची परात अजून आमच्याकडेच आहे. त्यांचा नातू चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बहुतेक बंद असते. ते ताट तुझं.

तुझा,
काका