अंतराळात हवा नाही, मग ही पाखरांची किलबिल कसली?

प्रश्न असा: यानांनी पृथ्वीभोवती टिपलेला 'आवाज' पहाटेच्या पाखरांसारखा वाटतो. तिथे हवाच नाही, मग हे खरं की एडिट केलेलं?

खरं आहे. माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट याच विषयाच्या आसपासचा होता. रात्री खोलीत हे लावलं की आई आतून विचारायची, "उजाडलं का रे?"

पृथ्वीभोवती हवा संपली तरी विरळ प्लाझ्मा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांचा वायू, असतो. त्यातून जातात त्या विद्युतचुंबकीय लहरी, आवाजाच्या नव्हेत. पण त्यांची वारंवारता काही शे ते काही हजार हर्ट्झ, म्हणजे आपल्या कानाच्याच टप्प्यातली. अँटेनाने टिपलेला सिग्नल स्पीकरला जोडला की झालं, सूर बदलावा लागत नाही. या लहरींना 'कोरस' म्हणतात.

माझा जीव अडकला तो चढत्या सुरात. आकाशात वीज चमकताना निघालेली लहर प्लाझ्मातून लांबून आली की तिची शीळ खाली घसरत जाते, कारण वरचे सूर आधी पोचतात, खालचे रेंगाळत येतात. हा नुसता प्रवासाचा परिणाम. कोरसची बहुतेक चिवचिव मात्र सेकंदाच्या आत वर चढते, आणि ती जन्मतःच तशी असते.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेभोवती गिरक्या घेत काही इलेक्ट्रॉन लहरीच्या समोरून येतात. ज्यांचा वेग नेमका जुळतो ते तिच्या ठेक्यात सापडतात, लेझीम पथकात एकेक जण तालात यावा तसे. लहर दुबळी असेल तर ती थोडी वाढते, बस. जोरदार झाली की ती इलेक्ट्रॉनांची मांडणीच विस्कटते, आणि त्या विस्कटलेल्या गिरक्यांतून उठणारा विद्युतप्रवाह उलट लहरीचाच सूर वर ढकलतो. नव्या सुराशी वेगळ्या वेगाचे इलेक्ट्रॉन जुळतात, की पुन्हा तेच. याला म्हणायचं नॉनलिनियर. दुप्पट जोराला दुप्पट परिणाम, हा हिशेब इथे चालत नाही.

व्हॅन ॲलन प्रोब्ज या नासाच्या जोडयानांनी (२०१२ ते २०१९) टिपलेली एकच चिवचिव ग्राफवर ताणून पाहिली तर तीही सलग नसते. काही मिलिसेकंदांचे गठ्ठे एकामागून एक, प्रत्येक गठ्ठा मध्ये फुगलेला, टोकांना निमुळता, आणि आतल्या लहरी एकमेकींशी शिस्तीत.

आईचा प्रश्नही अगदीच चुकीचा नव्हता. पृथ्वीच्या मध्यरात्रीच्या बाजूने आत शिरलेले इलेक्ट्रॉन पूर्वेकडे, म्हणजे पहाटेच्या बाजूला सरकतात, आणि कोरस तिथेच जास्त उमटतो.

ऐकायचं असेल तर हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर खालचे सूर गायब होतात.