वाचक विचारतात : मुंबई ते हर्णै, शिडाच्या बोटीने, रात्रभर

प्रश्न : आम्ही पाच मित्र, सगळे चाळिशीतले. एकाने ३४ फुटी शिडाची बोट घेतलीय, तीन वर्षं मुंबई हार्बरमध्ये चालवतोय, मीपण त्याच्याबरोबर बऱ्याचदा मांडव्यापर्यंत जाऊन आलोय, बाकी तिघं एकदम नवखे. जानेवारीत मुंबईहून हर्णैला जायचं चाललंय, म्हणजे एक रात्र समुद्रातच. ऑफिस उरकून रात्री आठला निघालो तर चालेल का? जागायचं कोणी? घरचे लाटांना घाबरतायत, खरी भीती कशाची असते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आठला नका निघू. त्या दिवशी सुट्टी टाका आणि दुपारी चारच्या आत बाहेर पडा, ओहोटी लागलेली असेल असा दिवस बघून, कारण मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं आणि भरती अंगावर घेत बाहेर पडायचं म्हणजे तास-दीड तास फुकट जातो. हार्बरमधली मोठी जहाजं, नांगरलेल्या बार्जेस (मालवाहू सपाट बोटी), फेरीबोटी हे सगळं उजेडात मागे टाकायचं. अंधार पडता पडता खांदेरी बेटावरच्या दीपगृहाचा दिवा दिसायला हवा.

पण मी चार सांगतोय ते खरं म्हणजे पोचायच्या वेळेमुळे. हर्णै साधारण ७० सागरी मैल, तुमची बोट ताशी पाचने गेली तर चौदा तास, वाऱ्याने दगा दिला तर सोळा. म्हणजे सकाळी सहा ते आठ. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, लवकर पोचलात तर बाहेरच शीड कमी करून थांबा, हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा तट आणि पलीकडे नांगरलेल्या मच्छीमार बोटी डोळ्यांनी नीट दिसेपर्यंत आत शिरायचं नाही. जीपीएसवर सगळं दिसतं हो, पण काल संध्याकाळी कुणी टाकलेलं जाळं त्यात दिसत नाही.

आणि हीच खरी भीती. लाटा नाहीत, जानेवारीत कोकणचा समुद्र बहुतेक शांतच असतो. दुपारचे खारे वारे वायव्येकडून येतात, तुम्ही दक्षिणेला चाललात म्हणजे ते पाठीशी, मजेत जाल. रात्री आठ-नऊला ते पडतात आणि मध्यरात्रीनंतर मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, सुरू होते, थंड, कडेने येणारी, पाणी सपाट, तिच्यासारखं शीड चालवायचं सुख नाही. पण मधले तीन-चार तास वारा नसतो, मग इंजिन लावतो आपण, आणि इंजिन चालू म्हणजे प्रोपेलर फिरतोय, आणि नेमकी त्याच वेळी जाळी पाण्यात असतात.

माझं असंच झालं होतं, हर्णैच्या अलीकडे, रात्री अडीचला. इंजिनचा आवाज एकदम जड झाला, बोट थरथरली आणि थांबली. टॉर्च मारला तर मागे हिरव्या नायलॉनच्या जाळ्याचा गुंता आणि त्यात एक पांढरा बोया (जाळ्याचा तरंगता गोळा) बोटीला टकटक आपटतोय. एकजण सुरी घेऊन वाकला, तेवढ्यात एक होडी अंधारातून जवळ आली आणि तिचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ओरडला, "कापू नका, सोडवतो, इंजिन बंद ठेवा." त्यांनी त्यांच्या बाजूने जाळं सैल केलं, आम्ही प्रोपेलरचा शाफ्ट हाताने उलटा फिरवत राहिलो, पाऊण तास लागला. थोडं फाटलंच, त्याचे पैसे दिले, देणं भागच होतं, ते जाळं म्हणजे त्या माणसाचं पोट आहे. रात्री पाण्यात उडी मारून सोडवायला कुणीही जायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. नाहीच सुटलं तर शीड आहे ना, हळूहळू उजाडेपर्यंत जा.

म्हणून एकजण पुढे बसून फक्त पाण्याकडे बघणार. बोये चांदण्यात बरेच आधी दिसतात, त्यामुळे पौर्णिमा ते वद्य तृतीया यातली रात्र धरा, चंद्र संध्याकाळी उशिरात उशिरा नऊ-साडेनऊपर्यंत वर येतो आणि पहाटेपर्यंत राहतो. हिरव्याखाली पांढरा दिवा म्हणजे ट्रॉलर (जाळं ओढत नेणारी मासेमारी बोट), लालखाली पांढरा म्हणजे दुसऱ्या पद्धतीची मासेमारी, मागून जायचं पण लांबून. लहान होड्यांवर हे दिवे असतीलच असं धरू नका.

जागण्याचं सोपं आहे. नऊपर्यंत सगळे जागे, मग नऊ ते बारा, बारा ते तीन, तीन ते सहा. प्रत्येक वेळी दोघं, त्यातला एक तुम्ही किंवा तुमचा मित्र, नवख्या दोघांवर बोट सोडायची नाही. मधली पाळी ज्याची, त्याने नऊला खरंच आडवं व्हायचं, गप्पा मारत वर बसायचं नाही, मित्रमित्रांत हेच होतं आणि पहाटे चारला सगळेच पेंगतात. बाटली घरी ठेवा.

अंधार पडला की प्रत्येकाच्या अंगात लाईफजॅकेट आणि हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याचा, हूक बोटीला. लघवीला कडेला उभं राहायचं नाही, आत जायचं, लाज वाटते म्हणून हे कुणी सांगत नाही पण माणसं अशीच पडतात. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) १६ नंबरवर चालू ठेवा, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ प्रत्येकाच्या फोनमध्ये, आणि निघताना बंदर ऑफिसला माणसांची नावं आणि पोचायची वेळ कळवा. घरच्यांना वेळ सांगताना दोन तास वाढवूनच सांगा.

प्रश्न : याच ट्रिपला मला नेतायत, पण मला एसटीतही मळमळतं. येऊ का? (त्याच पाचांतला एक)

उत्तर : या. गोळी डॉक्टरना विचारून घ्या आणि निघायच्या तासभर आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. दुपारी तेलकट नको, दशमी आणि केळं पुरे. खाली केबिनमध्ये मोबाईल बघत बसू नका, वर या, नजर क्षितिजावर ठेवा आणि सुकाणू हातात मागून घ्या, ते धरणाऱ्याला बोट सहसा कमी लागते. तीन ते सहाची पाळी मागा. चंद्र पश्चिमेला उतरत असतो, डावीकडे किनाऱ्यावरचे दिवे एकेक करून मागे पडतात, मतलईला जमिनीचा वास येतो, धुराचा आणि सुक्या गवताचा. स्वेटर आणि कानटोपी घ्या, मुंबईत हसतील पण पहाटे लागते.